सूर्यफुलातला हिरवा कोट

मित्रांनो, माझ्या कॉलरच्या आत एक चिठ्ठी शिवलेली आहे. तिच्यावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली, पण मला ती पाठ आहेत. लेडीज कोट, गरम, वॉटरप्रूफ, मीडियम. तोच मी. रंग बाटलीसारखा गडद हिरवा होता, आता काही ठिकाणी तो शेवाळासारखा दिसतो. कोपरं विरली आहेत. मी जुना झालो आहे, हे मला कोणी सांगायला नको.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वभावाने नम्र नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात, सगळ्यांचे आभार मानतात. मला ते जमणार नाही. मी माणसं फार जवळून पाहिली आहेत, अगदी त्यांच्या खांद्यावर बसून. त्यातल्या बऱ्याच जणांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि ते बदलायचं काही कारण अजून मला मिळालेलं नाही.

माझा जन्म १९८५ साली लुधियानात झाला. बाहेरून घट्ट विणीचं कापड, त्याला आतून रबराचा थर, त्याच्या आत लोकरीचं अस्तर. डोक्यावर घ्यायला टोपडं, कमरेला पट्टा, बाहेर दोन मोठे खिसे आणि छातीशी एक आतला खिसा. मला वाटायचं, आपण हिमालयात जाणार. पण एका स्वेटरवाल्याने मला दोनशे स्वेटरांच्या गठ्ठ्यात कोंबलं आणि जालन्याला आणलं.

जालन्याची थंडी तुम्हाला माहीत असेल. दिवाळीनंतर येते, संक्रांतीचा तिळगूळ खाते आणि निघून जाते. दुपारी तर ती असतेच कुठे? अशा गावात रस्त्याच्या कडेला, बांबूला बांधलेल्या दोरीवर मी एक अख्खा हिवाळा लटकत राहिलो. लोक येत, माझी बाही चिमटीत धरत, हसत आणि माकडटोपी घेऊन जात. मला त्यांची कीव यायची.

दुसऱ्या हिवाळ्यात, १९८६ च्या डिसेंबरात, अरुंधतीबाई आल्या. त्यांचे पती मुकुंदराव बँकेत अधिकारी होते. बाईंची जाऊ, प्रेमला, दिल्लीला राहायची आणि दर वर्षी कोट घातलेले फोटो पाठवायची. आता मुकुंदरावांना रजा मिळाली होती, जानेवारीत दोघं शिमल्याला निघाली होती, आणि जावेच्या कोटापेक्षा सरस कोट हवा म्हणून अरुंधतीबाईंनी जालन्याची सगळी दुकानं पालथी घातली होती.

"शेवटचं दुकान आहे हं हे," मुकुंदराव म्हणाले. त्यांचे पाय दुखत होते.

"दुकान कुठे आहे? हातगाडी आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वेटरवाल्याला विचारलं, "दिसायला चांगला, उबदार आणि पावसाबर्फात न भिजणारा असा कोट आहे का? बायकांचा?"

"सगळीकडे काय म्हणाले?" त्याने मोडक्या मराठीत विचारलं.

"उबदार हवा तर शाल घ्या म्हणाले. भिजायला नको तर रेनकोट घ्या. आणि दिसायला चांगला हवा तर साडी घ्या."

स्वेटरवाल्याने मला दोरीवरून काढलं. बाईंनी मला घातलं, हातगाडीवरच्या आरशात पाहिलं, पट्टा आवळला. मुकुंदराव म्हणाले, "छान आहे. चला." मला वाटलं, आपले दिवस आले.

शिमल्यात काय झालं ते ऐका. पहिल्याच सकाळी बर्फ पडू लागला. बाईंनी मला घातलं, फोटोवाल्यासमोर उभ्या राहिल्या, एक फोटो समोरून, एक बाजूने. फोटो झाल्यावर त्या मुकुंदरावांना म्हणाल्या, "छत्री उघडा लवकर. कोट ओला होईल."

मित्रांनो, मी वॉटरप्रूफ कोट. मला भिजू नये म्हणून माझ्यावर छत्री धरली गेली. बाकीचे चार दिवस बाईंनी शाल पांघरून काढले आणि मला हॉटेलच्या खुंटीवर ठेवलं. कापडाला लाज वाटत असेल तर ती मला त्या चार दिवसांत वाटली.

परत आल्यावर मी कपाटात गेलो. डांबराच्या गोळ्या, बाहेर कुलूप. पाहुणे आले की मला बाहेर काढत. "शिमल्याहून आणला," अरुंधतीबाई सांगत, आणि मुकुंदराव पेपर वाचत राहत. पाहुणे माझं अस्तर कुरवाळत, "अगदी विलायती वाटतो" म्हणत आणि चिवडा खात. त्या चिवड्याचं तेल माझ्या उजव्या बाहीवर अजून आहे. अशी सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत माझ्या अंगावर पाण्याचा एक थेंब पडला नाही. खांद्याची शिवण मात्र आतल्या आत सुकत चालली होती, तिकडे कोणी बघितलं नाही. दाखवायच्या वस्तूची शिवण कोण बघतो?

१९९३ साली मुकुंदरावांची बदली पुण्याला झाली. सामान आवरताना दारावर बोहारीण आली, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी. बाईंनी दोन साड्या, मुकुंदरावांच्या तीन पँटी आणि वर मला ठेवलं. त्यांना झाकणासकट पातेलं हवं होतं.

"कोटाचं काय करू, ताई?" बोहारीण म्हणाली. "ह्या गावात कोट कोण घालून राह्यलं? साड्यांवर पातेलं देते. झाकण न्हाई."

"अहो, कोट शिमल्याचा आहे."

"असंल. मी जालन्याची हाय."

बऱ्याच घासाघिशीनंतर झाकण मिळालं. म्हणजे माझी किंमत झाकणाएवढी ठरली. अरुंधतीबाईंनी ते पातेल्यावर बसतं का, हे दोनदा पाहिलं आणि दार लावलं. माझ्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही, आणि मीही त्यांची आठवण काढली नाही.

जुन्या कपड्यांच्या बाजारात, जमिनीवर पसरलेल्या चादरीवर मी पडलो होतो. लोक मला ओलांडून जात होते. एका रविवारी तिथे बेबीनंदा आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, सावळी, उंच. सोबत तिचा नवरा धर्मराज होता. तो जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या सळया ओढायच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता आणि रविवारी जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीला घरी यायचा. त्या रविवारी तीच जालन्याला आली होती.

तिने मला उचललं, बाही उलटी केली, शिवण पाहिली. इतक्या वर्षांत माझी शिवण पाहणारी ती पहिली.

"हा बायकांचाच हाय ना?" तिने विकणाऱ्याला विचारलं.

"बायकांचा, माणसांचा, कोणाचाबी. थंडीला काय कळतंय?"

धर्मराज तिच्या कानाशी म्हणाला, "लई भारी दिसून राह्यला हा. गावात लोक हसतील तुला."

"हसू द्या. चादर गुंडाळून गेले तरी हसतेतच."

"अगं, पण एखादं जाडजूड घोंगडं घेतलं तर? ऊब बराबर तीच."

"अहो, घोंगडं दवात भिजलं की त्याचंच वजन होतंय. आन् गेल्या साली मी खताच्या पोत्याची खोळ घेऊन प्लॉटवर गेल्ते, तर त्या पाटलानं माझ्या हातात विळा दिला. मजूर समजला मला. मी तपासायला गेल्ते." ती माझा पट्टा कमरेला लावून पाहत होती. "थंडी निभवायला पायजे, पाणी आत यायला नको, आन् मी वावरात पाय ठेवला की समोरच्यानं उठून उभं राह्यला पायजे. तिन्ही पायजे."

पुन्हा तीच तीन कलमं. मी मनात म्हटलं, चला, आणखी एक छत्रीवाली. खरं सांगतो, मी तिलाही तुच्छच समजलो. तिच्या पायात रबरी चपला होत्या. तिच्या पिशवीतून शेपूची भाजी डोकावत होती.

आता बेबीनंदाचं काम काय, ते सांगतो. टेंभुर्णीच्या आसपासचे शेतकरी एका बियाणे कंपनीसाठी सूर्यफुलाचं बी तयार करत. अशा शेताला प्लॉट म्हणतात. ज्या जातीचं बी करायचं, तिच्यात भलत्या जातीचं झाड उगवलं तर ती भेसळ. भेसळ झाड फुलायच्या आत उपटावं लागतं, नाहीतर त्याचा पराग सगळ्या शेतावर उडतो आणि सगळं बी बिघडतं. ते बी पुढच्या वर्षी शंभर शेतकरी पेरणार असतात. बेबीनंदाने शेतकीची पदविका घेतली होती. कंपनीने तिला प्लॉट तपासायला ठेवलं होतं, त्या भागातली एकटी बाई.

तिच्या घरी मला ज्वारीच्या पोत्याशेजारच्या खिळ्यावर टांगलं. कपाट नाही, कुलूप नाही. चुलीचा धूर सरळ माझ्या टोपड्यात. मी नाक मुरडून राहिलो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने मला अंगात घातलं, सायकल काढली आणि चार किलोमीटरवरच्या प्लॉटवर गेली.

दवात उभं असलेलं सूर्यफूल तुम्ही पाहिलं आहे का? गळ्याएवढी झाडं, रुंद पानं आणि प्रत्येक पानावर वाटीभर पाणी. एका ओळीतून चालत गेलं की माणूस न्हाऊन निघतो. ती ओळीत शिरली आणि पहिल्या पानाने माझ्या छातीवर पाणी ओतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा भिजलो. तेव्हा माझं वय आठ वर्षं होतं.

पाणी माझ्यावरून ओघळून खाली गेलं. आत तिचं पोलकं कोरडं होतं. दोन तास ती ओळीमागून ओळ चालत राहिली. तिच्या अंगाची ऊब माझ्या अस्तरात साठली, आणि मला कळलं की मला कशासाठी शिवलं होतं. याबद्दल अधिक बोलणार नाही. मला तसं बोलता येत नाही.

फक्त डावा खांदा गळला. तीच ती सहा वर्षं सुकलेली शिवण. घरी आल्यावर बेबीनंदाने बोट फिरवून गळती शोधली. मग मेणबत्ती घेतली, शिवणीवर घासली, गरम केलेल्या चमच्याच्या पाठीने मेण आत जिरवलं. पुढे दर रविवारी ती हे करायची. चिखल ओल्या फडक्याने पुसायची, मला सावलीत वाळवायची, उन्हात कधी नाही. कोणी तिला शिकवलं नव्हतं. ती वस्तूकडे बघायची आणि तिला काय हवं ते ओळखायची.

गावात अर्थातच लोक हसले. प्लॉटवर कामाला येणाऱ्या बायांची पुढारीण झुंबरबाई होती, पन्नाशीची, आवाज विहिरीच्या मोटारीसारखा. मला पाहताच ती म्हणाली, "उठा गं, कलेक्टरीनबाई आल्या." बाया खिदळल्या. त्यांच्या अंगावर फाटक्या चादरी होत्या, त्यांतून पाणी गळत होतं आणि त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. अशा अवस्थेत लोक कोरड्या माणसाला का हसतात, हे मला कधीच समजलं नाही. बेबीनंदा हसली नाही, रागावली नाही. ती झाडं मोजत राहिली.

त्या भागात सर्वात मोठा प्लॉट सर्जेराव पाटलाचा. ओढ्याकाठची काळी जमीन, विहिरीला बारमाही पाणी, दारात मोटारसायकल. त्याचा सदरा रोज परीटघडीचा असे, आणि तो मळेल अशा ठिकाणी तो कधी गेला नाही. मला पाहून तो मात्र पहिल्या दिवशी खरोखर उठून उभा राहिला. मग आत कोण आहे ते दिसलं आणि परत बसला. भेसळ झाडं उपटायला तो तयार नसे. उपटलं की तेवढं वजन कमी, असा त्याचा हिशेब. बी कंपनीच्या गळ्यात मारायचं, पुढचं पुढं.

१९९५ च्या जानेवारीत अवकाळी पाऊस लागला. सलग तीन दिवस झड. सर्जेरावच्या प्लॉटमध्ये कळ्या उमलायला आल्या होत्या. त्या उमलायच्या आत मोजणी झाली तरच तिला अर्थ होता. पावसात कामाला कोणी येत नव्हतं, आणि सर्जेराव निश्चिंत होता. बेबीनंदाने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सायकलची चाकं चिखलाने जाम झाली, तेव्हा ती सायकल फाट्यावर ठेवून चालत निघाली.

सर्जेराव आपल्या आखाड्यावर, शेतातल्या घरात, शेकोटीपाशी बसला होता. त्याने दारातून तिला येताना पाहिलं.

"बाई, येवढ्या पाण्यात काहून आल्या?" तो म्हणाला. "बसा. चहा घ्या. आकडा मी सांगतो, तुमी लिव्हा."

"आकडा झाडं सांगतील, पाटील."

"झाडं कुठं पळून चालली का? ऊन पडल्यावर मोजा की."

"ऊन पडलं की कळ्या उमलतील. मंग मोजून काय फायदा?"

"तुमची मर्जी," सर्जेराव म्हणाला आणि चहा प्यायला लागला. तो उठला नाही. त्याच्याच शेतात काय आहे, हे बघायला तो दारापर्यंतही आला नाही.

ती तीन तास त्या शेतात होती. वरून पाऊस, बाजूने पानांचं पाणी, खाली पोटरीपर्यंत चिखल. भेसळ झाड सापडलं की ती त्याची मान मोडायची, लिंबाएवढी कळी माझ्या खिशात टाकायची, पाठ वाऱ्याकडे करून, टोपड्याच्या आडोशाला कागदावर ओळीचा आणि झाडाचा नंबर लिहायची आणि कागद माझ्या आतल्या खिशात ठेवायची. सदतीस झाडं निघाली. चालतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. माझे दोन्ही खिसे फुगून जड झाले. तिने कागदाच्या तळाला लिहिलं: प्लॉट नापास.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीने जालन्याला कंपनीच्या ऑफिसात पोचली, तेव्हा सर्जेराव तिथे आधीच बसलेला होता. समोर मॅनेजर श्रीपती साहेब. दोघांच्या हातात चहा.

"या," साहेब म्हणाले. तिला त्यांनी बसायला सांगितलं नाही. "पाटील म्हणतात, काल तुम्ही प्लॉटवर आलाच नाहीत."

बेबीनंदाने सर्जेरावकडे पाहिलं. तो कपाकडे बघत म्हणाला, "काल कसं पाणी पडून राह्यलं होतं ते साहेबाला माहीत हाय. कुत्रंबी बाहेर नव्हतं. बाई माणूस कुठून येतंय? घरी बसून आकडा लिव्हला, दुसरं काय. माझ्यावर राग हाय त्यांचा."

मी तिच्या अंगावर होतो. तिची छाती एकदा वर आली आणि खाली गेली, एवढंच मला कळलं. तिने कागद काढून टेबलावर ठेवला. मग माझे खिसे उलटे केले. सदतीस कळ्या साहेबांच्या फायलींवर घरंगळल्या.

"कळ्या काय, कोणत्याबी वावरातून तोडता येतेत," सर्जेराव म्हणाला.

साहेबांनी कागद हातात घेतला. अंगठा फिरवला, उजेडात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. मुलाची कॉपी पकडल्यावर काही मास्तरांच्या चेहऱ्यावर येतं तसं. "बाई, तुम्ही तीन तास पावसात होता म्हणता. मग हा कागद इतका कोरडा कसा? एक अक्षर फुटलेलं नाही."

साहेबांना वाटलं, सापडली. मलाही क्षणभर वाटलं, ही आता रडणार. मी किती मूर्ख होतो ते पुढे कळलं.

तिने मला अंगातून काढलं. कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला, सगळी बटणं लावली आणि मला फरशीवर उताणा टाकलं. कोपऱ्यात माठ होता. तिने तांब्या भरला आणि माझ्यावर ओतला. मग दुसरा. मग तिसरा, सरळ डाव्या खांद्यावर.

मित्रांनो, मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि माझा डावा खांदा कमजोर होता, हे तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. पाणी शिवणीवर साचलं, वाट शोधू लागलं. एवढं भय मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. इतकी वर्षं मी जगाला हसत आलो होतो. आता एका टाक्यातून एक थेंब गेला असता, तर त्या दोन माणसांना तिच्यावर हसायचा हक्क मिळाला असता. पण त्या टाक्यांत एका वर्षाच्या रविवारांचं मेण होतं. पाणी थांबलं, घसरलं आणि फरशीवर गेलं.

बेबीनंदाने बटणं उघडली. "तुमीच काढा, साहेब," ती म्हणाली.

साहेबांना वाकावं लागलं. कागद कोरडा होता. त्यांनी तो पुन्हा उजेडात धरला, पण आता ते हसत नव्हते.

"आता जीप काढा," ती म्हणाली. "सातव्या ओळीत बारावं झाड मान मोडलेलं असंल. नवव्या ओळीत तिसरं. सगळं कागदात हाय. पाटलालाबी संगं घ्या, म्हंजी आपल्या आधी वावरात पोचायची तसदी नको त्यायला."

सर्जेरावने कप खाली ठेवला. तो त्याच्या बशीत बसेना.

जीप गेली. सातव्या ओळीत बारावं झाड मान मोडलेलं होतं. नवव्या ओळीत तिसरंही. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. साहेबांच्या छत्रीच्या काड्या सूर्यफुलांत अडकत होत्या आणि त्यांचा एक बूट चिखलात राहिला. अकरा झाडं पाहून ते म्हणाले, "पुरे." बेबीनंदा म्हणाली, "सदतीस हायेत." तिने सदतीस दाखवली.

प्लॉट नापास झाला. सर्जेरावने सगळं बी तेलाच्या गिरणीला घातलं. त्याचं पोट काही उपाशी राहिलं नाही. फक्त त्यानंतर तो टेंभुर्णीच्या बाजारात आम्ही दिसलो की रस्ता बदलायचा. माझी त्याला हरकत नव्हती.

परतताना जीपमध्ये साहेबांनी तिची माफी मागितली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. मोजा पिळत ते म्हणाले, "पुढच्या वेळी अशा ठिकाणी सोबत एखादा माणूस घेऊन जात जा."

"माणूसच गेल्तं, साहेब," बेबीनंदा म्हणाली.

दोन वर्षांनी कंपनीचं काम वाढलं. बेबीनंदाच्या हाताखाली सहा बाया मोजणीला घेतल्या. तिनेच निवडल्या, आणि पहिली निवडली झुंबरबाई. अक्षरओळख बेताची, पण भेसळ झाड तिला वीस पावलांवरून कळायचं. बेबीनंदाने कंपनीकडे सहा कोट मागितले. कंपनीने पातळ प्लॅस्टिकचे सहा रेनकोट पाठवले, पाठीवर कंपनीची जाहिरात छापलेले. पहिल्या थंडीत ते कडक झाले, दुसऱ्या आठवड्यात सूर्यफुलाच्या खरबरीत देठांनी फाटले. जाहिरात तेवढी शाबूत राहिली. अशा वस्तूंना मी कपडा म्हणत नाही.

जालन्याच्या दुकानांत बायकांसाठी तसा कोट अजूनही मिळत नव्हता. तेव्हा बेबीनंदा मला घेऊन टेंभुर्णीच्या भिवा शिंप्याकडे गेली. तिने जालन्याहून तंबूचं जाड कापड आणि सहा ब्लँकेटं आणली होती.

"ह्याच्यासारखे सहा करायचे," ती म्हणाली.

भिवाने मला उलटसुलट पाहिलं. "आत काय कसं बसवलंय ते वरून कळत न्हाई, ताई. सगळा उसवावा लागंल. आन् उसवला तर पुन्हा असा बसंल, याची ग्यारंटी मी देत न्हाई."

तिने माझ्या बाहीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"उसवा," ती म्हणाली.

मला उसवलं. कात्री डाव्या खांद्याला लागली, तेव्हा मेणाचे तुकडे बाहेर पडले. थोड्या वेळाने मी कोट नव्हतो. जमिनीवर दोन बाह्या, एक पाठ, दोन पुढचे भाग, एक टोपडं. भिवाने प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून खडूने आखला. सहा बाया भोवती उभ्या होत्या. मी कोणावर हसू शकत नव्हतो. हसायला मी शिल्लकच नव्हतो.

"पट्टा पायजे बरं का," झुंबरबाई म्हणाली. "पट्ट्याबिगर पोतं दिसतंय."

आठ दिवसांत सहा कोट झाले. ट्रकच्या ताडपत्रीसारखा निळा रंग, ब्लँकेटाचं अस्तर, सगळ्यांना पट्टा. दिसायला ओबडधोबड, पण शिवणी मेणाने भरलेल्या. मलाही भिवाने परत शिवलं, त्याला जमलं तसं. जुन्या टाक्यांची भोकं मात्र राहिली. तेव्हापासून मी गळतो. ज्याला एके काळी जगात आपल्याइतका कोरडा कोणी नाही असं वाटायचं, तो मी आता हलक्या सरीतही आत ओला होतो.

१९९८ च्या जानेवारीतली एक सकाळ. धुकं होतं, मग पाऊस सुरू झाला. सात जणी प्लॉटवर पोचेपर्यंत बेबीनंदाचे खांदे माझ्या आत भिजले होते. झुंबरबाईने तिची पाठ चाचपली.

"तुमी आत बसा," ती म्हणाली. "आमी मोजतो. तुमी लिव्हा."

"मावशी, ओळी चुकतील."

"झाडाला मान हाय, आमाला तोंड हाय. जल्दी बसा."

बेबीनंदा आखाड्याच्या पडवीत बसली. तिने मला काढून गुडघ्यांवर घेतलं, माझ्यावर कागद ठेवला आणि पेन उघडलं. निळे कोट सूर्यफुलांत शिरले आणि दिसेनासे झाले. मग पावसातून आवाज यायला लागले. चौथी ओळ, सहावं झाड. अकरावी ओळ, दुसरं. वेगवेगळ्या दिशांनी, सहा गळ्यांतून. ती भराभर लिहीत होती आणि माझ्या अस्तरातून तिच्या गुडघ्यांची ऊब लागत होती. त्या सकाळी मला कोणाचाही तिरस्कार वाटला नाही. मी शोधून पाहिलं, पण खरंच वाटला नाही.

आज मी तिच्या घरी खिळ्यावरच असतो. कोरड्या थंडीच्या दिवशी कोणीही मला घालतं आणि बाहेर जातं. तुम्हाला माझी एकच विनंती आहे, आणि ती मी गोड करून सांगणार नाही. चांगली वस्तू घेतलीत, तर तिच्या शिवणी बघा, तिला मेण लावा, सावलीत वाळवा. आणि मग, मित्रांनो, तिला पावसात न्या. तिच्यावर छत्री धरू नका.